वेदीवरील मधुर द्राक्षारस

अंबाजोगाईस मुकुंदराजांची समाधी आहे आणि दासोपंतांचीही आहे. मराठी ओवीच्या आरंभकाळातील एक थोर ग्रंथकार आणि तिच्या विस्ताराची परिसीमा गाठणारा दुसरा, असे दोघेही या एकाच नगरीच्या आश्रयास विसावले आहेत. गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ रचणाऱ्या आणि ‘पंचीकरण’ कापडाच्या पासोडीवर लिहून ठेवणाऱ्या दासोपंतांनी शके १५३७ मध्ये येथे देह ठेवला. आणि त्याच सुमारास, म्हणजे इसवी सन १६१६ मध्ये, सह्याद्रीपलीकडे गोमंतकातील साष्टी महालात, रायतूर येथे, एका इंग्रज जेझुइट धर्मगुरूने रचलेले सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी पुराण रोमन लिपीत छापून बाहेर पडले. या धर्मगुरूचे नाव थॉमस स्टीफन्स. ते १५७९ साली गोव्यास उतरले, चाळीस वर्षे तेथे राहिले आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. बालाघाटाच्या डोंगरात आणि साष्टीच्या खाडीकाठी एकाच काळी, एकाच छंदात, दोन निरनिराळ्या देवांची चरित्रे आणि तत्त्वे गायिली जात होती, हे स्मरण मराठी वाचकास सुखद वाटावे असे आहे.

या ‘ख्रिस्तपुराणा’त एक जागा मात्र मुळात रिकामी राहिली होती. काना नावाच्या गावी एका विवाहप्रसंगी पाहुण्यांसाठी ठेवलेला द्राक्षारस संपला असता येशूने पाण्याच्या रांजणांतून उत्तम द्राक्षारस निर्माण केला, हा योहानाच्या शुभवर्तमानातील पहिला चमत्कार होय. पण स्टीफन्स यांनी आपल्या पुराणात तो गायिला नाही. पुढे बातीं येथील पाद्री पास्कोल गोमेस द फारिया यांनी त्या प्रसंगाच्या ओव्या रचून ती उणीव भरून काढली. ज्या श्रोतृवर्गासाठी हे पुराण लिहिले गेले त्यात नुकतीच दीक्षा घेतलेली ब्राह्मण घराणी पुष्कळ होती, आणि ज्या धर्मशास्त्रात ती वाढली त्यात सुरापानाची गणना पंचमहापातकांत केलेली आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे, देवाने लग्नघरी मद्य निर्माण केले असे आरंभीच सांगून श्रोत्यांचे मन विटवू नये असे त्या विचारी पुरुषास वाटले असावे, असा तर्क करण्यास पुरेशी जागा आहे.

परंतु कथेतून जी वस्तू वगळता येते ती विधीतून वगळता येत नाही. त्याच रायतूरच्या वेदीवर दररोज प्रातःकाळी मिस्सा, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारस यांचा उपासनाविधी, होत असे, आणि त्या मिस्सेत गव्हाच्या भाकरीबरोबर चषकात थोडा द्राक्षारस असलाच पाहिजे, त्यावाचून विधीच सिद्ध होत नाही, असा कॅथलिक धर्मसभेचा निर्बंध होता आणि आजही आहे. मद्याविषयी खोल तिटकारा बाळगणाऱ्या, द्राक्षांचा वेल क्वचितच आढळणाऱ्या आणि उन्हाळ्यात अंगाची लाही करणाऱ्या या देशात तो चषकभर द्राक्षारस कोठून आला, कसा टिकला, कायद्याच्या आणि लोकमताच्या चौकटीत त्याने आपली जागा कशी मिळवली, हा इतिहास आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. तो सांगण्याजोगा आहे असे मला मनापासून वाटते, कारण शेजाऱ्याच्या देवघरातील एका पवित्र वस्तूविषयी आपल्याकडे जेवढे गैरसमज आहेत तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाविषयी असतील.

मूळ प्रसंग सर्वश्रुत आहे. यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाच्या भोजनात द्राक्षारसाचे प्याले फिरवण्याची चाल होती. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री शिष्यांसमवेत भोजनास बसलेल्या येशूने भाकरी मोडून ती आपले शरीर असल्याचे सांगितले आणि प्याला पुढे करून ते आपले रक्त असल्याचे सांगितले. आपल्या स्मरणार्थ हे करीत जा, अशी आज्ञाही दिली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन नावाच्या हुतात्म्याने रोम येथील ख्रिस्ती उपासनेचे जे वर्णन लिहून ठेवले आहे त्यात भाकरी, पाणी आणि द्राक्षारस यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तिसऱ्या शतकात काही मंडळ्या केवळ पाण्यावर विधी उरकू लागल्या, तेव्हा कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी एक विस्तृत पत्र लिहून त्यांचा निषेध केला आणि द्राक्षारसात पाणी मिसळण्याचा अर्थ ख्रिस्त आणि त्याची प्रजा यांचे ऐक्य असा लावला. मद्य असावे की नसावे हा वाद आधुनिक काळाचा आहे असे आपण समजतो. पण तो जवळजवळ धर्मसभेइतकाच जुना आहे.

अंबाजोगाईच्या योगेश्वरीच्या देवळात पुजारी पळीभर तीर्थ तळहातावर घालतो, तेव्हा ते किती आहे किंवा त्याने तहान भागेल काय हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. वेदीवरील द्राक्षारसाकडेही प्रथम याच दृष्टीने पाहिले पाहिजे. धर्मगुरूच्या चषकात जो रस ओतला जातो तो थोडाच असतो, आणि भाविकाच्या वाट्यास आला तर एक घोट येतो. साम्य मात्र येथेच संपते. कॅथलिक आणि पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स श्रद्धेनुसार धर्मगुरूच्या प्रार्थनेनंतर तो रस रस राहत नाही; त्याचे रूप, रंग, चव ही बाह्य लक्षणे तशीच असली तरी त्याचे सत्त्व ख्रिस्ताच्या रक्ताचे होते. कॅथलिक धर्मसभेने १२१५ च्या लॅटरन परिषदेत आणि पुढे १५५१ मध्ये ट्रेंट परिषदेत हा सिद्धान्त शब्दबद्ध केला. प्रॉटेस्टंट पंथांत यावर मतभेद झाले. स्वित्झर्लंडच्या झ्विंग्लीने तो प्याला स्मरणचिन्ह मानला, लूथरने ख्रिस्ताच्या प्रत्यक्ष उपस्थितीचा आग्रह सोडला नाही, आणि १५२९ मध्ये मारबुर्ग येथे समोरासमोर बसूनही त्या दोघांचे या एका मुद्द्यावर जुळले नाही. ज्या वस्तूमुळे दोन सुधारकांचे ऐक्य होऊ शकले नाही, ती वस्तू कोणती असावी याविषयी इतके काटेकोर नियम का झाले, हे यावरून समजून येईल.

हे नियम शब्दांत थोडे आणि अर्थाने कडक आहेत. १९१७ च्या आणि त्यानंतर १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेत असे म्हटले आहे की, मिस्सेसाठी वापरावयाचा द्राक्षारस द्राक्षवेलीच्या फळापासूनच निघालेला, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा. जांभूळ, करवंद, काजू, ताड किंवा मोह यांपासून केलेले कोणतेही पेय, ते कितीही निर्मळ असले तरी, चालत नाही. साखर घालून आंबवलेला रस चालत नाही. आंबून ज्याचा सिरका झाला तो तर मुळीच चालत नाही. मात्र टिकाऊपणासाठी द्राक्षांपासूनच काढलेला मद्यार्क मर्यादित प्रमाणात मिसळण्यास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोमच्या धर्मपीठाने अनुज्ञा दिली आणि त्याची कमाल मर्यादा शेकडा १८ ठरवून दिली. या एका सवलतीत गोड वाइनचे रहस्य दडलेले आहे.

द्राक्षाच्या रसात साखर असते. किण्व, म्हणजे यीस्ट, ती साखर खाऊन तिचे मद्यार्कात रूपांतर करते. सर्व साखर संपेपर्यंत ही क्रिया चालू दिली तर रस कोरडा, तुरट होतो. पण किण्वाचे स्वतःचेच सामर्थ्य मर्यादित असते. मद्यार्काचे प्रमाण शेकडा १५-१६ च्या आसपास गेले की बहुतेक किण्व निपचित पडते. तेव्हा साखर शिल्लक असतानाच बाहेरून थोडा द्राक्षांचाच मद्यार्क घातला तर आंबण्याची क्रिया तेथेच थांबते आणि उरलेली साखर रसात राहते. असा रस गोड असतो, दाट असतो आणि मुख्य म्हणजे टिकतो. कोरड्या वाइनची बाटली एकदा उघडली की हवेतील जिवाणू थोड्याच दिवसांत तिचा सिरका करतात. गोड आणि तीव्र वाइन मात्र कित्येक आठवडे तग धरते. ज्या देवळात दररोज फक्त थोडासा रस लागतो, ज्याचा धर्मगुरू एका गावाहून दुसऱ्या गावी मिस्सा करीत फिरतो, आणि ज्या प्रदेशात वैशाखातील पारा बेचाळीस अंशांवर चढतो, तेथे कोरड्या वाइनचा उपयोग काय? मराठवाड्यासारख्या मुलखाला तर गोडच रस मानवणारा. म्हणून गोडी ही येथे चैनीची गोष्ट नव्हे. ती साठवणुकीच्या व्यवहारातून आलेली गरज आहे, आणि उपाशीपोटी पहाटे घोट घेणाऱ्याला तुरट रसापेक्षा गोड रस सुसह्य होतो, हा त्यातील दुसरा सोयीचा भाग आहे.

निरनिराळ्या देशांनी या गरजेची निरनिराळी उत्तरे शोधली. रशियातील ऑर्थोडॉक्स धर्मसभेने फ्रान्सच्या नैर्ऋत्येस लोत नदीच्या काठी पिकणारी काओर गावाची काळसर तांबडी वाइन स्वीकारली आणि पुढे ‘कागोर’ या नावाने ती आपल्याच देशात करावयास आरंभ केला. त्यासाठी ठेचलेली द्राक्षे सालींसकट साधारण साठ अंशांपर्यंत तापवतात. त्यामुळे सालीतील सारा रंग रसात उतरतो आणि रक्तवर्णाचा, मधुर, शेकडा १६ मद्यार्काचा रस तयार होतो. क्रिमियातील मासांद्रा येथील कागोर त्या मुलखात विशेष नावाजलेली आहे. या परंपरेत चषकातच भाकरीचे तुकडे घालून, त्यात थोडे कढत पाणी मिसळून, भाविकाला चमच्याने प्रसाद देतात. तेव्हा तेथे पाण्याने फिका न पडणारा दाट तांबडा रसच उपयोगी. इंग्लंडात स्पेनहून येणारी ‘टेंट’ नावाची गडद गोड वाइन पिढ्यानपिढ्या चर्चच्या मेजावर चालत असे. कॅथलिक देशांत मात्र तांबडा रंग आवश्यक मानलेला नाही. पांढऱ्या कापडावर डाग पडू नयेत म्हणून पांढरी वाइन वापरण्याची चाल पुष्कळ ठिकाणी रूढ झाली. तरीही लोकांच्या मनात रक्ताचे चिन्ह म्हणजे तांबडा, असेच चित्र ठसलेले आहे आणि ते पुसले जाईल असे वाटत नाही.

भारतात द्राक्षारसाचा हा प्रश्न पोर्तुगीज येण्यापूर्वीच उभा राहिला होता. केरळातील सेंट थॉमसचे ख्रिस्ती, ज्यांची परंपरा त्या किनाऱ्यावर फार पुरातन आहे, त्यांना द्राक्षे मिळत नसत. सोळाव्या शतकाच्या आरंभी तेथे वावरलेल्या दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज लेखकाने नोंदवून ठेवले आहे की, तांबड्या समुद्राकडून आणि होर्मूझकडून येणारे मनुके हे लोक रात्रभर पाण्यात भिजवतात आणि सकाळी ते पिळून निघालेल्या रसावर मिस्सा करतात. दूरदेशी सापडलेल्या त्या लहानशा समाजाने समुद्रपार येणाऱ्या वाळक्या फळातून द्राक्षवेलीशी आपले नाते राखले, याचे मला फार कौतुक वाटते. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेक्सो द मेनेझेस यांनी उदयंपेरूर येथे जी धर्मसभा भरवली तिने या समाजाच्या अनेक जुन्या चालींवर वरवंटा फिरवला आणि त्या सभेचे कृत्य एकंदरीने कठोर होते यात शंका नाही. परंतु द्राक्षारसाच्या बाबतीत तिने निदान पुरवठ्याचा विचार केला, आणि या गरीब चर्चांसाठी दरवर्षी मस्कातेल जातीची गोड वाइन धर्मादाय म्हणून पाठवावी अशी पोर्तुगालच्या राजास विनंती केली. पुढे रोमच्या धर्मपीठानेही मनुक्यांच्या वाइनला, रंगाने आणि चवीने ती खरी वाइन असल्याचे ओळखू येत असेल तर, मान्यता दिली. म्हणजे केरळच्या जुन्या युक्तीमागील दृष्टी अगदीच चुकीची नव्हती.

गोव्याच्या वेदीवरील रस गलबतांतून येत असे. लिस्बनहून निघालेले जहाज आफ्रिकेस वळसा घालून मांडवीच्या मुखाशी पोहोचेपर्यंत सहा महिने आणि कधी अधिकही लागत, आणि विषुववृत्त दोनदा ओलांडताना जहाजाच्या तळातील पिंपे उन्हाने तापून निघत. साधी वाइन अशा प्रवासात नासून जाई. पण मदैरा बेटावरील मद्यार्कयुक्त वाइन या उष्णतेने बिघडण्याऐवजी सुधारते असे दर्यावर्दी लोकांच्या ध्यानात आले, आणि काही पिंपे तर मुद्दाम पूर्वेच्या फेरीवर पाठवून परत आणण्यात येऊ लागली. आजही मदैराची वाइन तापवून तयार करतात ती याच अनुभवावरून. गोव्यातील घराघरांत सणासुदीला आजही जी गोड तांबडी ‘पोर्ट’ पाहुण्यापुढे ठेवतात तिचे कूळ पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातील पोर्तो वाइनचे. ती मिस्सेची वाइन नव्हे, कारण मिस्सेसाठी धर्मप्रांताने शुद्धतेची खात्री दिलेली वाइनच वापरावी लागते. पण दोहोंची रुची मात्र सख्ख्या बहिणींसारखी एकाच वळणाची आहे.

मराठवाड्यात द्राक्षे नव्हती असे मात्र कोणी समजू नये. महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादेस हलवली त्या काळापासून तेथे द्राक्षांचे वेल आहेत. चौदाव्या शतकात तेथे येऊन गेलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने दौलताबादेस द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा पिकतात असे लिहून ठेवले आहे. म्हणजे गोव्यात जहाजाची वाट पाहिली जात असता, दक्षिणेच्या पठारावर द्राक्षांचे घड पिकत होते. परंतु बादशाही आणि निजामशाही आमदानीत ते घड ताटात गेले; त्यांचा रस आंबवून टिकवण्याची कला शेतकऱ्याच्या हाती आली नाही, आणि लोकमताच्या भयाने ती येण्याचे कारणही नव्हते. याच्या उलट तामिळनाडूत घडले. १८३२ च्या सुमारास एका फ्रेंच धर्मगुरूने कुंबमच्या खोऱ्यात द्राक्षांचे वेल आणून लावले आणि त्यांतून ‘पन्नीर’ जातीच्या द्राक्षांचा एक मोठा उद्योगच उभा राहिला. त्या द्राक्षांस २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. जगात इतरत्रही हेच दिसते: दक्षिण ऑस्ट्रेलियातील सेव्हनहिल येथे जेझुइटांनी १८५१ मध्ये जे मळे लावले ते मुख्यतः वेदीच्या वाइनसाठीच, आणि ते त्या खोऱ्यातील आरंभीच्या मळ्यांपैकी ठरले.

आता सरकारी कायद्याकडे वळू. अंबाजोगाईस निजामाच्या अमलात मोमिनाबाद म्हणत आणि येथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. इंग्रज अधिकारी असलेल्या प्रत्येक छावणीत आंग्लिकन उपासना ही शिस्तीचाच भाग असे, आणि त्या पंथाच्या १६६२ च्या प्रार्थनाग्रंथाप्रमाणे भाकरी आणि द्राक्षारस हे दोन्ही सर्व भाविकांस द्यावे लागत. निजामाच्या राज्यात अबकारी हे उत्पन्नाचे मोठे खाते होते. शिंदी आणि दारूच्या मक्त्यांच्या लिलावावर खजिना पोसला जाई. त्या महसुलाच्या प्रचंड हिशेबात देवघरातील काही बाटल्यांस फारसे स्थान नव्हते.

प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो स्वातंत्र्यानंतर. मुंबई राज्याने १९४९ मध्ये संपूर्ण दारूबंदीचा कायदा केला तेव्हा मद्य बाळगणे हाच अपराध ठरला. पण त्याच कायद्यात कोणत्याही धर्माच्या पुरोहितास धार्मिक संस्कारासाठी मद्य बाळगण्याची आणि वापरण्याची अनुज्ञा सरकारने द्यावी, असे स्वतंत्र कलमही घालण्यात आले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाल्यानंतर त्या राज्याच्या दारूबंदीची व्यवस्था इकडेही यथाकाल आली. दारूबंदीचा पुरस्कार करणारे त्या काळचे राज्यकर्ते मद्याविषयी किती कठोर होते हे सर्वांस ठाऊक आहे. असे असूनही वेदीवरील घोट आणि गुत्त्यातील पेला यांत त्यांनी कायद्याच्या भाषेत स्पष्ट भेद केला, हे त्यांच्या न्यायबुद्धीचे मोठे लक्षण आहे असे माझे मत आहे. अमेरिकेतही १९१९ च्या दारूबंदी कायद्यात हीच सवलत होती; कॅलिफोर्नियातील नापा खोऱ्यातील ब्युल्यू हा मळा त्या काळी प्रामुख्याने चर्चला वाइन पुरवूनच तगून राहिला.

परंतु सरकारने जी सवलत दिली ती घेण्यास कित्येक ख्रिस्ती मंडळ्या स्वतःच तयार नव्हत्या, आणि मराठी मुलखाच्या दृष्टीने हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील प्रॉटेस्टंट समाजात मद्यपाननिषेधाची चळवळ जोरात होती. दारू हे कुटुंबाच्या नाशाचे कारण मानणारे धर्मोपदेशक रविवारी प्याल्यातून वाइनच देत, ही विसंगती त्यांना बोचू लागली. १८६९ मध्ये न्यू जर्सीतील व्हाइनलँड गावचे एक दंतवैद्य आणि निष्ठावान मेथडिस्ट, थॉमस वेल्च, यांनी पाश्चरच्या पद्धतीने द्राक्षरस तापवून त्यातील किण्व मारले आणि न आंबणारा रस बाटलीत भरून चर्चला पुरवण्यास सुरुवात केली. मेथडिस्ट मंडळ्यांत हा रस पुढे सर्वत्र रूढ झाला. निजामाच्या मुलखात, बिदर परिसरात, अमेरिकन मेथडिस्ट मिशनचे काम होते. मद्याच्या बाबतीत या मंडळ्यांस आपल्याकडे विरोध करणारे कोणी नव्हते. उलट, येथील लोकमत आणि त्यांचा आग्रह एकाच दिशेचे होते. आज मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांपैकी पुष्कळांच्या मेजावर जो रस असतो तो द्राक्षांचा, पण न आंबलेला, किंवा भिजवलेल्या मनुक्यांचा असतो. म्हणजे बार्बोझाने केरळात जे पाहिले तेच चारशे-पाचशे वर्षांनंतर निराळ्या कारणाने पुन्हा प्रचारात आले. स्टीफन्स यांनी काना गावची कथा वगळताना जो विचार केला असावा, त्याच विचाराने या मंडळ्यांनी प्याल्यातील रसच पालटला.

सामान्य भाविकाच्या ओठी हा प्याला लागतो काय, याचाही एक दीर्घ इतिहास आहे. मध्ययुगात पश्चिमेकडील धर्मसभेने सांडण्याच्या भीतीने आणि इतर कारणांनी प्याला केवळ धर्मगुरूपुरता राखून ठेवण्याची चाल स्वीकारली आणि १४१५ च्या कॉन्स्टन्स परिषदेने तिला निर्बंधाचे रूप दिले. त्याच परिषदेने बोहेमियाच्या यान हुसला जिवंत जाळले, आणि प्याला सर्वांना मिळालाच पाहिजे ही त्याच्या अनुयायांची युद्धघोषणा झाली. विसाव्या शतकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कॅथलिकांसाठीही काही प्रसंगी दोन्ही रूपांत प्रसाद देण्याची वाट मोकळी केली. भारतात मात्र बहुतेक कॅथलिक मिस्सांत भाविकास भाकरीच मिळते, किंवा ती रसात किंचित बुडवून जिभेवर ठेवतात. ज्या धर्मगुरूस वैद्यकीय कारणाने मद्य वर्ज्य आहे त्यास बिशपच्या अनुज्ञेने ‘मुस्तुम’ वापरता येते. हा ताजा किंवा आंबण्याची क्रिया अगदी आरंभीच थोपवलेला द्राक्षरस असतो. मद्याच्या व्यसनातून सुटलेल्या धर्मगुरूला पुन्हा त्याच खाईत लोटणारा विधी कोणत्याही दयाळू धर्माला शोभला नसता, आणि म्हणून ही तरतूद मला या साऱ्या नियमांत सर्वांत मानवी वाटते.

अंबाजोगाई ज्यात येते तो बीड जिल्हा कॅथलिक व्यवस्थेत १९७७ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतो. प्रॉटेस्टंटांपैकी अनेक मंडळ्या १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारताच्या चर्चशी जोडलेल्या आहेत. मराठवाड्यातील लहान-मोठ्या गावांतून, शाळा-दवाखान्यांतून ख्रिस्ती शेजारी, शिक्षक आणि परिचारिका आपल्यामध्ये वावरतात. त्यांच्या विवाहाचे किंवा अंत्यविधीचे निमंत्रण आपल्यास येते आणि मिस्सेच्या वेळी आपण काय करावे हे न समजून पुष्कळजण मागच्या बाकावर अवघडून बसतात. अशांच्या सोयीसाठी इतके सांगणे पुरे. प्रसाद घेण्यासाठी लोक रांगेने वेदीकडे जाऊ लागले की त्या रांगेत जाऊ नये. तो प्रसाद दीक्षा घेतलेल्या आणि मनाची तयारी केलेल्या भाविकांसाठी असतो, आणि न गेल्याने कोणाचाही अनादर होत नाही. आपल्या जागी बसून राहावे, लोक उभे राहिले तर उभे राहावे. विधी संपल्यावर यजमानांच्या घरी जी मेजवानी होते तेथे मात्र कोणतेही बंधन नाही, आणि जेवायला थांबा म्हणून केलेला तो आग्रह मोडला तर ख्रिस्ती घरासही इतर कोणत्याही मराठी घराइतकेच वाईट वाटते.